शिकाऊ पिंगळ्यांचे कंडक्टर

आमच्या दारातल्या आंब्याला दत्तोबा चौगुल्यांनी एक दिवस ‘L’ची तांबडी पाटी टांगली. मी विचारलं, “झाडाला गाडी शिकवताय काय?”

“झाडाला न्हवं, आतल्या पाशिंजरांस्नी. शिकाऊ हायत. हॉर्न मारू नगासा.”

आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची तीन पिल्लं होती. दत्तोबा आमचे शेजारी. गारगोटीच्या गाडीवर तीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. रोज संध्याकाळी साडेसहाला गल्लीच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या मोटारसायकली हात करून थांबवायचे. “थांबा पावणं, पाशिंजर सुटतंय!” मग दोन शिट्ट्या. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठावा.

“पयलं सुटलं! ढोली ते तार! दुसरं सुटलं! घसरलं, घसरलं... धरली जागा!”

तिसरं पिल्लू ढोलीच्या तोंडाशी यायचं, मान खालीवर करायचं, आमच्याकडे डोळे वटारायचं आणि परत आत.

“ह्ये अजून स्टँडवरच शेंगा खातंय बघा!”

ढोलीपासून तार बावीस फूट. मी पावलांनी मोजली होती. मला आकड्यांची खोड. दत्तोबा “सहा फेऱ्या!” ओरडले की मी कुंपणातून “चार” म्हणायचो. ते हसून म्हणायचे, “चेकर आला!”

अशात आमच्या मुलीला बघायला मुरगूडचे पाहुणे रविवारी पाच वाजता येणार असं ठरलं. बायको म्हणाली, “दारात पिंगळा ओरडला तर काय म्हणतील?” मी असलं काही मानत नाही, हे मी चार लोकांत अनेकदा सांगितलेलं आहे. तरी दत्तोबांना विचारलं, काही करता येईल का?

“आठ दिस द्या की साहेब. तिसरं सुटलं की आख्खी गाडीच रिकामी.”

रविवार चार दिवसांवर होता.

शनिवारी दुपारी दत्तोबा औषधं आणायला गेले, तेव्हा मी दिवाळीतली उरलेली फटाक्यांची माळ झाडाखाली लावली. आईबाप आणि उडायला शिकलेली दोन पिल्लं भर्रकन उडून गेली. तिसऱ्यानं ढोलीतून उडी टाकली. ते दीड-दोन फूटसुद्धा तरंगलं नाही. मी खाली वाकेपर्यंत कावळे आले होते.

दत्तोबा आले. खांद्यावरच्या टॉवेलात त्यांनी ते गुंडाळलं. “कुणी केलं हो ह्ये?”

“पोरं असतील,” मी म्हणालो.

ते गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन पोरांना शिव्या देऊन आले. माझ्या दारात आले नाहीत. माझ्यावर विश्वास होता.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी आवडली म्हणाले. ते गेले तेव्हा सव्वासहा झाले होते. मी खरं सांगायचं ठरवून दत्तोबांच्या घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, अर्धांगवायू झाल्याचं गल्लीला ठाऊक होतं. मलाही. भेटायला जायचं मात्र राहून गेलं होतं.

खाट खिडकीशी होती. खिडकीतून भिंत दिसायची, आंबा नाही.

“मीच लावली ती माळ,” मी दारातच म्हणालो.

दत्तोबांनी मला बाहेर ओढलं आणि मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाले, “हळू बोला. हिला म्या सांगितलंय, तिसरं काल सुटलं म्हणून. लई वाट बघत हुती ओ. सकाळपास्नं इचारती, त्ये एकटं मागं ऱ्हायलं का.”

आतून वहिनींनी हाक मारली. “कोण, भावजी हायत व्हय? आत या की.”

मी गेलो. त्या अडखळत, पण हसत बोलल्या. “ह्यांचं काय खरं न्हाय. ह्यांच्या सहाचं चार असत्यात. तुम्ही दुरुस्त केल्यालं मी हितनं ऐकतो की. तुम्हीच सांगा, किती उडाली?”

दत्तोबा दारात पाठमोरे उभे होते.

“तीन, वहिनी,” मी म्हणालो. “मी मोजली.”