वळवटाचं हृदय

आधी नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही, कारण त्या दिवशी बद्रीच्या अगदी जिवावर बेतलं होतं.

बद्रीनाथ म्हणजे कन्नड गावच्या कारभारी आबांचा मुलगा. मेडिकलचं पहिलं वर्ष, राहायला शहरात, पुंडलिकनगरातल्या द्वारकामावशीकडे. तिच्याकडेच दोन्ही वेळा जेवायला यायचा त्याच्या वर्गातला श्रीनिवास, आणि बद्रीचं सगळं दुखणं तेच. तूप आधी श्रीनिवासच्या पोळीवर. कौतुक श्रीनिवासच्या अक्षराचं. बरं, कन्नडहून आबांचा फोन आला की पहिला प्रश्न काय? "श्रीनिवासला किती मार्क पडले रं?" अरे, बाप नक्की कुणाचा?

तेवढ्यात शरीररचना शिकवणाऱ्या भानुमती मॅडमनी प्रदर्शन जाहीर केलं. विषय : आईच्या पोटात बाळाचं हृदय कसं घडतं. सगळ्यात चांगलं मॉडेल विभागाच्या काचेच्या कपाटात, नावासकट, कायमचं. बद्रीनं ठरवून टाकलं, हे कपाट आपलं! त्याच्यासमोर आबांना उभं करायचं आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी 'शाब्बास' काढून घ्यायचं.

तर हा श्रीनिवास मॉडेल घेऊन थेट जेवायलाच आला. सलाईनच्या नळीत लाल पाणी, मागं दिव्यांची माळ लुकलुकतेय.

"मावशी, हे बघा. सुरुवातीला हृदय म्हणजे नुसती सरळ नळी असते. ती भराभर वाढते, पण भोवतीची पिशवी तेवढीच. जागा पुरत नाही, म्हणून नळी वाकते, उजवीकडं. मग तिच्यातच चार कप्पे पडतात."

"अगं बाई! म्हंजी समद्यांचं काळीज आधी वाकडंच?" मावशीनं गालाला हात लावला. "लई हुशार लेकरू. बद्री, खाली मान घालून काय जेवतो? बघ की जरा!"

बद्रीनं बघितलं मात्र. ती वाकडी नळी डोळ्यांनी जशीच्या तशी टिपून घेतली. पुस्तक कशाला उघडायचं? श्रीनिवास कधी चुकलाय का?

आता याच्यावर मात करायची तर काहीतरी वेगळं पाहिजे. आणि मावशीच्या हाताचं वळवट म्हणजे पुंडलिकनगरात एक नंबर. लग्नघरी कणकेचे बारीक गव्हले, नखुले वळून वाळवतात ना, तेच. बद्रीनं मावशीला गळ घातली. दोघांनी मिळून कणकेचं हृदयच वळलं! आधी सरळ नळी, मग जराशी वाकलेली, मग पार वाकलेली, मग चार कप्पे. रक्तवाहिन्या शेवयांसारख्या बारीक, लाल आणि निळ्या. सगळं गच्चीवर धोतरावर वाळत घातलं आणि बद्री स्वतः कावळे हाकत बसला.

शेजारच्या गच्चीवरून सारजाबाईंनी मान लांब केली.

"वळवट? ते बी रंगीत? कुणाचं लगीन रं?"

"कुणाचं नाय हो काकू."

"लाजतंय गं बाई!"

सारजाबाईंचं माहेर कन्नडचं. संध्याकाळच्या आत फोन गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी बद्रीनं मॉडेल मांडलं. शेजारीच श्रीनिवासची माळ लुकलुकत होती. येणारा जाणारा तिथंच थांबायचा. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला आणि बद्रीला राहवलं नाही. श्रीनिवासच्या नळीची टाचणी काढली, वळण या बाजूचं त्या बाजूला नेलं आणि टाचणी परत खोचली. आता लाव म्हणावं कपाटात!

मागं वळतो तर दारात आबा. डोक्याला नवा फेटा, हातात पेढ्याचा पुडा.

"कुठंय नवरी?"

"आबा? कसली नवरी?"

"वळवट झालं, बापाला पत्ता नाय! पळून करतो व्हय रं लगीन?"

"आबा, वळवट हृदयाचंय! हे बघा!"

आबांनी वाकून बघितलं. कणकेचं हृदय नखानं टकटक वाजवलं. "ह्याच्यापायी म्या ऊसतोड सोडून यष्टीत उभ्यानं आलो?" मग इकडं तिकडं बघत म्हणाले, "आन श्रीनिवासचं कोणतं?"

तोवर सगळे परत आले होते. भानुमती मॅडम आधी बद्रीच्या टेबलापाशी थांबल्या.

"कणकेचं? वा! काय सुरेख कल्पना! पण अरे, वळण उलटं गेलंय. उजवी बाजू बाळाची धरायची, बघणाऱ्याची नाही. बाळाचं तोंड आपल्याकडं आहे ना?"

बद्रीनं वळण फिरवायला हात लावला, पण वळवट दगडासारखं वाळलेलं. मॅडम श्रीनिवासच्या टेबलाकडं सरकल्या.

"हे बघा! सबंध वर्गात हे एकच बरोबर."

श्रीनिवासचा चेहरा उतरला. "मॅडम, मी असं ठेवलं नव्हतं. मी पण माझीच उजवी बाजू धरली होती. हे कुणीतरी दुरुस्त केलंय."

"बघ, कसं खरं बोलतंय पोरगं!" आबा बद्रीला कोपरानं ढोसत पुटपुटले.

"मग ज्यानं दुरुस्त केलं, त्यालाच हृदय कळलंय," मॅडम म्हणाल्या. "कपाटात नाव त्याचंच लागेल. कोण आहे? हात वर करा."

बद्रीचा हात आपोआप उचलला गेला. आणि खांद्यापर्यंत आला तेव्हा त्याची नजर स्वतःच्या टेबलावर गेली. रांगेनं मांडलेलं, एकूण एक उलट्या बाजूला वळलेलं वळवट! ज्याला बरोबर कळलं होतं, त्याचं स्वतःचं उलटं कसं? आणि मग दुसऱ्याच्या नळीला हात लावला तो कशाला, असं कुणी विचारलं तर?

मॅडम बघतायत. श्रीनिवास आभार मानायला हात पुढं करून उभा. आबांनी पेढ्याच्या पुड्याची सुतळीसुद्धा सोडायला घेतली.

"काय रं बद्री, तू व्हय?"

हात खांद्याशी तसाच अडकलेला. आता तूच सांग, तू असतास तर हात वर नेला असतास, की कान खाजवला असतास?