मयुराच्या वंचितपणाची पाहणी

वंचित पदवीधरांना पदव्युत्तर प्रवेशासाठी तयार करणाऱ्या योजनेच्या यादीत मयुराचं नाव आलं. ती खरोखर वंचित आहे की नुसतीच गरीब, एवढंच आता ठरायचं होतं. त्यासाठी पाहणी अधिकारी डहाणूच्या किनाऱ्यावर तिच्या घरी जातीने येणार होते. त्यांचा होकार आला तर एम.एस्सी., नाही तर आईसारखी डोक्यावर मासळीची पाटी.

पावणा येणार म्हटल्यावर तिच्या आईने, आनंदीबाईंनी, रीतीप्रमाणे शेजारून खुर्च्या आणल्या, काचेची ताटं आणली आणि बाजारात न्यायचं सर्वांत मोठं पापलेट कालवणात टाकलं.

"आई, ते आपला वंचितपणा बघायला येतायत!"

"बघू दे की. उपाशीपोटी काय दिसणार त्यांना?"

अधिकारी पोटभर जेवले. हात धुऊन त्यांनी लिहिलं.

शेरा : आहारात पापलेट. फर्निचर मुबलक.

मग ते अंगणात आले. समोर बोंबील वाळत होते, पलीकडे समुद्र.

"हा व्ह्यू रोजचाच?"

"उधाणाला घरातसुद्धा येतो, सर."

शेरा : घर समुद्राभिमुख. समुद्राची घरपोच सोय.

"पुढे काय करायचंय?"

"जाळ्यात मासळी कमी का यायला लागली, ते शोधायचंय." मयुरा एकदाही अडखळली नाही. अधिकारी खट्टू झाले.

शेरा : उमेदवार आत्मविश्वासाने बोलते. सबब वंचितपणा संशयास्पद.

त्याच यादीतला, चिकूच्या वाडीवाल्यांचा जिग्नेश मात्र पात्र ठरला. कॉलेजच्या पायरीवर त्यानेच तिला समजावलं.

"अगं, जेवायला कशाला घातलंस? आम्ही पाणीपण नाही विचारलं. मी राखणदाराच्या झोपडीत बसलो, त्याचंच बनियन घालून."

"आणि राखणदार?"

"धोंडीकाका? बंगल्यात टीव्ही बघत होते. मस्त दिवस गेला त्यांचा."

मयुराने फेरपाहणीचा अर्ज केला. या वेळी खुर्च्या परत गेल्या, चूल थंड राहिली, आनंदीबाईंनी दातओठ खाऊन पावण्याला कोरडं ठेवलं. उघडी जमीन पाहून अधिकाऱ्यांचा चेहरा खुलला.

"छान! आता दोघी जरा रडता का? अहवालाला फोटो लागतो."

आनंदीबाईंनी पदर खोचला. "सायबा, मागल्या खेपेला तू काटे चोखत होतास ना, तवा काढायचा फोटो."

मयुराला हसू फुटलं. आवरेना. अधिकाऱ्यांनी वाट पाहिली, मग पेन काढलं.

शेरा : उमेदवार हसते. अपात्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयुराने पाटी उचलली.

आता एकच रकाना उरला आहे, तो वाचकाने भरायचा : इथे तरी मयुरा रडेल, अशी तुमची अपेक्षा होती का?

ज्यांनी 'होय' लिहिलं, त्यांची पाहणी अधिकारी म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. जेवणाची सोय उमेदवाराच्या घरी.