कांताबाईच्या वरणातला खडा

देवराव कंडक्टरांनी आयुष्यात बढाई एकच मारली, पण ती रोज मारली.

"बत्तीसच्या बत्तीस! एक बी नकली नाई! मोजून घ्या!" असं म्हणून ते आ वासत. बाभुळगावातली त्यांच्या वयाची मंडळी भाकर वरणात कुस्करत, भिजवत, तिची समजूत काढत आणि मग गिळत. देवराव मात्र अख्खी सुपारी दाढेखाली धरून कडाड् फोडून दाखवत! "जिंदगीभर येष्टीत 'पुढं सरका, पुढं सरका' वरडलो ना, त्यानंच जबडा असा घट्ट झाला!" आता ओरडण्याचा आणि दाढेचा काय संबंध, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या घरात बढाई मारायचा हक्क आणखी एकाच माणसाला होता. कांताबाईला! गुडघे गेल्यापासून चूल दीपाच्या, म्हणजे सुनेच्या, ताब्यात गेली होती. मुलगा पुण्याला नोकरीवर. कांताबाईकडे उरलं होतं फक्त सूप. रोज सकाळी अंगणात बसून ती डाळ-तांदूळ निवडायची आणि आजूबाजूच्या बायाही आपापलं धान्य घेऊन तिच्याभोवती बसायच्या. सगळ्या मोहल्ल्याच्या बातम्या त्या सुपात पाखडल्या जायच्या. आणि देवराव शेजारच्या खाटेवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे.

"लगन होऊन आली तवापासून या घराच्या ताटात खडा आला नाई," कांताबाई म्हणायची. "ज्या दिवशी येईन ना, त्या दिवशी सूप खुंटीले लावीन! मंग मले कोनी निवड म्हनू नका!"

आणि एका दुपारी, वरण-भाताचा तिसरा घास घेताना, देवरावांच्या डाव्या दाढेखाली कच्चकन वाजलं.

कळ थेट कानात गेली. त्यांनी हळूच बोट घालून ते काढलं. चष्मा खाटेवर राहिला होता. बोटांना लागलं ते असं: ज्वारीच्या दाण्याएवढं, टोकदार, काळपट. खडा! जीभ फिरवून पाहिली तर दाढेचा एक कोपराच गायब! बत्तीसाचे साडेएकतीस झाले होते.

समोर कांताबाई समाधानानं जेवत होती. "कसं झालं वरन? घरच्या तुरीचं हाय. काल दिवसभर बसून डाय निवडली म्या."

देवरावांनी डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच थोपवलं. "एक नंबर!" असं म्हणत त्यांनी खिशातल्या एका जुन्या तिकिटात तो खडा गुंडाळला आणि वरच्या खिशात टाकला.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना! एवढंसं ते काय! पण देवरावांना ठाऊक होतं. कांताचं डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, आणि एखादा खडा नजरेतून सुटेल म्हणून तेव्हापासून ती मनातून घाबरलेली होती. सूप खुंटीला गेलं की कांता खाटेला लागणार. चालता येत नाही, चुलीपुढे बसता येत नाही. मग दिवसभर करायचं काय? भिंतीकडे पाहायचं? छे! त्यापेक्षा दाढ गेलेली परवडली.

झालं! तेव्हापासून देवराव उजव्या बाजूनंच चावू लागले. थंड पाणी प्यायले की जागच्या जागी उडी मारत आणि "मुंगी चावली" म्हणत. मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा गुपचूप पळवून दाढेत दाबत. शेवटी एका रात्री कळ अशी उठली की त्यांना आपली आईच आठवली. सकाळी उठून, आणखी एक लवंग दाबून, ते म्हणाले, "यवतमाळले जातो वं. पेन्शनचं काम हाय."

हे बोलताना त्यांची जीभ जरा अडखळली. कारण दर रविवारी विहारात पंचशील देवरावच म्हणवून घेत. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशापाणी न करण्याचं. पाचवं आलं की ते हमखास मागच्या रांगेतल्या उकंडाकडे पाहून आवाज चढवत. उकंडाचा बसस्टँडवर पानठेला होता आणि संध्याकाळी त्याचा पाय सरळ पडत नसे. तर आता खुद्द देवरावांनीच चौथं मोडलं होतं. "कांतासाठी मोडलं, चालते," असं त्यांनी स्वतःलाच समजावलं आणि बस धरली.

यवतमाळच्या अनघा मॅडम वयानं लहान, पण हाताच्या पक्क्या. दाढ पाहून त्यांनी विचारलं, "काका, काय चावलं होतं?"

"खडा! वरनातला! पन मॅडम, हे बाहेर जाऊ देऊ नका. आन दाढ काढूनच टाका एकदाची!"

"काढायची कशाला? मुळं भक्कम आहेत. घराच्या छपराची एक बाजू उडाली तर आपण घर पाडतो का? तेवढंच छप्पर नवीन घालायचं. पूर्ण टोपी बसवायची तर चांगला दातही सगळीकडून घासावा लागेल. त्यापेक्षा जेवढं तुटलंय तेवढ्याच मापाचा तुकडा करून घेऊ, वरून पक्का चिकटवू. त्याला ऑनले म्हणतात. आज माप घेते, तोवर कच्चं भरून देते, पुढच्या आठवड्यात पक्कं. आ करा."

मग सुई टोचली, यंत्र गुंगुंगुं करू लागलं, गालात कापूस कोंबला, ओठाला नळी अडकवली. आणि अशी सगळी तयारी झाल्यावर, दातांच्या डॉक्टरांच्या रिवाजाप्रमाणे, मॅडमनी गप्पा सुरू केल्या.

"ही दाढ तुम्ही पूर्वी कधी भरून घेतली होती का हो काका?"

"गं गं," देवराव म्हणाले.

"आणि तुटलेला तुकडा कुठे गेला? गिळला वाटतं?"

"गं!"

"बरं बरं. दोन-तीन तास ओठ बधीर राहील. तोवर काही खाऊ नका, नाहीतर गाल चावाल."

देवराव बाहेर आले तेव्हा अर्धं तोंड त्यांचं होतं आणि अर्धं कोणाचं होतं देव जाणे! बसमध्ये कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"जय भीम काका! कुठलं देऊ?"

"हाहुळगाव," देवराव म्हणाले आणि त्यांच्या ओठातून लाळेची तार थेट कंडक्टरच्या हातावर उतरली.

कंडक्टरनं हात पुसला. मग खाली वाकून अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "काका... तुमी बी?"

देवरावांनी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. त्यात गाडीनं खड्डा घेतला आणि ते शेजारच्या बाईच्या भाजीच्या पिशवीवर आडवे झाले. मग कोणी काही विचारलंच नाही. बाभुळगावला उतरतानाही पायरी चुकली. समोर पानठेल्यावर उकंडा! त्याचे डोळे भरूनच आले. "भाऊ! भर दुपारी!"

"ङाही रे! हाझी ङाढ—" देवराव ओरडले. उकंडाला वाटलं, भाऊ गाणं म्हणून राह्यले.

देवराव कसेबसे घरी पोचले. दीपानं पाण्याचा गिलास दिला. एक घोट तोंडात गेला आणि डाव्या बाजूनं सरळ सदऱ्यावर आला. दीपाच्या हातून गिलासच पडला.

"आई! बाबाचं तोंड वाकडं झालं! लकवा मारला बाबाले!"

माय वं! पुढच्या मिनिटात अंगण भरलं. एक बाई तळवे घासू लागली. दुसरी म्हणाली, लकव्याले कबुतराचं रगत लागते, आन तिचा नवरा कबुतर आणायला धावलासुद्धा! दीपानं रुग्णवाहिकेला फोन लावला, मग नवऱ्याला लावला. तो पुण्याहून निघायच्या गोष्टी करू लागला. देवराव उठून "ङाई! ङाई!" करत आणि चौघीजणी त्यांना पुन्हा आडवं करत.

आणि कांताबाई! जिला भिंत धरल्याशिवाय उठता येत नसे, ती भिंत सोडून चार पावलं चालत आली, खाटेवर बसली आणि तिनं देवरावांचं डोकं मांडीवर घेतलं.

"अवो, मले सोडून जासान तं याद राखा! पयले मी जाईन असं ठरलं हाय आपलं! पेपर कोन वाचून दावीन मले?" आणि ती हमसून हमसून रडू लागली.

देवरावांना वाटलं, सांगावं तर लागणारच! पण काय सांगू? दाढ म्हटलं की खडा आला, खडा म्हटलं की सूप गेलं. तेवढ्यात गर्दीतून उकंडा पुढे घुसला.

"लकवा-बिकवा काई नाई वं वहिनी! भाऊनं घेतली हाय! म्या सोता पाह्यलं स्टँडवर!"

 सगळ्यांनी देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी कांताच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटले. आणि मान हलवली, हो म्हणून! चौथं शील पुन्हा मोडलं आणि पाचव्याचा आळ फुकटात घेतला!

"वा रे माहा भाऊ!" उकंडा गळ्यातच पडला. "आता रविवारी माह्याकडं पाहू नका बरं!"

कांताबाईनं रडणं थांबवलं. पदरानं डोळे पुसले. मग खाली वाकून नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा.

"दीपा, गाडी नोको बोलावू. पोराले सांग, बाप बरा हाय. आन तुमी सारे आपापल्या घरी जा. जा ना! कायले उभे राह्यले? तमाशा हाय का इथं?"

माणसं पांगली. ज्यानं कबुतर आणलं होतं तो हिरमुसून गेला. कबुतर मात्र खुशीत असावं.

"आता बोला," कांताबाई म्हणाली. "दारूले लवंगाचा वास येते का? डब्यातल्या माह्या लवंगा कोन खाऊन राह्यलं, तेच पाहून राह्यलती मी. कोनती दाढ?"

देवरावांनी डावा गाल दाखवला.

"कायनं तुटली?"

"फु... फुताणे."

"या घरात फुटाने आले कधी?" कांताबाई म्हणाली. तिला ती दुपार आठवली. तिसऱ्या घासाला थांबलेला हात आणि 'एक नंबर'. ती भिंत धरून उठली, कोपऱ्यातलं सूप घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

"कांता!" देवरावांचा ओठ आता थोडा जागा झाला होता. "तसं ङाई वं!"

"दारुड्या म्हनून घेतलं लोकायसमोर. माह्यापाई. एवढं कायले केलं तुमी?"

"तू सूप सोडलं तं अंगनात कोन बसन?" देवराव म्हणाले. "आन तू अंगनात नसन तं म्या पेपर कोनाले वाचून दावू? भिंतीले?"

कांताबाईनं सूप मात्र खुंटीवरून काढलं नाही.

पुढचा आठवडाभर डाळ दीपानं निवडली. अंगण रिकामं. बाया आल्या आणि सूप खुंटीला पाहून परत गेल्या. देवराव पेपर वाचत, कांताबाई आतून "हं" म्हणे, पण त्या "हं"त काही दम नव्हता. उकंडा मात्र रोज संध्याकाळी दारात येऊन, "भाऊ, येता काय?" असं आपुलकीनं विचारून जाई.

पक्कं बसवायच्या दिवशी कांताबाई हट्टानं सोबत गेली. रिक्षा करून, बस धरून, दवाखान्याची पायरी देवरावांच्या खांद्यावर भार टाकून चढली. अनघा मॅडमनी तळहातावर ऑनले दाखवला. दाताच्याच रंगाचा, एवढासा. तो दाढेवर असा बसला की जणू तिथलाच! देवरावांनी दात चावून पाहिले. कडक!

कांताबाई खाली मान घालून म्हणाली, "बाई, माह्यानंच खडा राह्यला डायीत. माह्यानं यायची दाढ गेली."

"अवं एवढुसा तं होता!" देवरावांनी घाईघाईनं वरच्या खिशातलं तिकीट काढून उलगडलं. "पाहा मॅडम, याच्यात हिचा काय दोष? हा कोनाले दिसन?"

मॅडमनी तो खडा चिमट्यात धरला, दिव्याखाली नेला, उलटासुलटा केला. आणि त्यांना हसू आवरेना.

"काका, हा खडा नाही! ही तुमचीच दाढ आहे! हे काळं दिसतंय ते जुनं चांदीचं भरलेलं, आणि हा कडेला दाताचा कोपरा. सुपाऱ्या फोडून फोडून आधीच तडकली असणार. मऊ वरण-भातातसुद्धा गळून पडली!"

देवरावांना एकदम आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी अमरावतीला एक दाढ भरली होती खरी! बत्तीस मोजताना ते ही गोष्ट सोयीनं विसरत.

कांताबाईनं आधी मॅडमकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग तिनं तो तुकडा मागून घेतला, लुगड्याच्या गाठीत बांधला आणि परतीच्या बसमध्ये बाभुळगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. फक्त मधेमधे तिचे खांदे हलत होते. रडते की काय म्हणून देवरावांनी वाकून पाहिलं, तर हसत होती!

दुसऱ्या दिवशी सूप खुंटीवरून उतरलं. अंगण भरलं. कांताबाईनं लवंगांची रिकामी डबी उघडून तो तुकडा आल्या-गेल्या प्रत्येक बाईच्या हातावर ठेवला.

"पाहून घ्या वं! लगन होऊन आल्यापासून या घराच्या ताटात एकच खडा निंगाला. आन तो बी यायच्याच तोंडातला!"

बाया लोटपोट झाल्या. खाटेवर देवरावांनी पेपर तोंडापुढे आणखी वर धरला.

"वाचा ना मोठ्यानं," कांताबाई म्हणाली. "आता तं तोंड पक्कं झालं!"