संपतच्या डिकीतली सोयरीक

आमच्या पार्किंगमधला संपत गाडीतलं गाणं कानांनी ऐकतच नाही. दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबतो, मागच्या सीटवर मांडी घालतो आणि डोळे मिटून घेतो. "गाणं बुडातनं वर आलं पायजे, वहिनी," म्हणतो. येतं की! पार पहिल्या मजल्यापर्यंत येतं. माझे फडताळावरचे डबे एकमेकांना टकरा देतात.

एरवी माणूस अगदी गरीब. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला की अंघोळ करतो आणि गाडीच्या डिकीत डोकं घालतो. तिथे सबवूफर आहे, म्हणजे ढोलासारखे खालचे आवाज काढणारा परातीएवढा स्पीकर. त्याला ताकद पुरवणारी पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. या दोघांचं जुळवायचं, एवढाच याचा ध्यास. दुकानदार "हजार वॅट" म्हणाला की संपत हसतो. "पोराचा पगार समदेच वाढवून सांगत्यात. रोजचं किती झेपतं त्ये इचारायचं."

त्याच्या मते वूफर जळतो तो बहुतेक वेळा अशक्त ॲम्प्लिफायरमुळेच. "ज्याच्यात जीव न्हाई त्योच जास्त किंचाळतो, वहिनी." मग कधीतरी डिकीतून धूर निघायचा आणि हा सुतकी चेहऱ्याने माझ्या दारात यायचा. "सोयरीक मोडली." मीही चहा पाजून समजूत काढायची. काय करता, शेजार आहे.

एका रविवारी मात्र चणाडाळीचा डबाच खाली आला. मी तरातरा पार्किंगमध्ये गेले. "अरे मेल्या, बहिरा झालायस का?"

त्याने कापूस काढला. "मी न्हाई. आण्णा झाल्यात."

आण्णा म्हणजे त्याचे वडील, देहूजवळच्या गावात राहणारे. जन्म फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकायच्या कारखान्यात गेला, घणाखाली कान गेले. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. ठेका चुकायला लागला, पोरं हसली आणि आण्णांनी पखवाज खुंटीला टांगला. "तवापास्नं बोलतबी न्हाईत धड. कान गेलं, पर अंग हाय ना? ठेका अंगाला कळला तर हात उठतील. त्यांना काय कळंल, त्ये कापूस घालून बघतोय."

मी वर जाऊन मुकाट डाळ गोळा केली.

पुढच्या रविवारी त्याने आण्णांना आणलं. म्हातारा कुरकुरतच मागच्या सीटवर, पाय दाराबाहेर सोडून बसला. भजन लागलं. आण्णांचा चेहरा कोरा. संपतने हातानेच विचारलं, कळतंय का?

"कणीक जास्त झालीया!" आण्णा ओरडले.

संपतने टुणकन उडी मारली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. जास्त झाली की आवाज नुसता ढपढप येतो, ठेका सुटा कळत नाही. "म्हंजी पेटीच कमी जिवाची हाय, वूफर आवरत न्हाई तिला!" म्हणत त्याने दुकानातून मागून आणलेला दुसरा ॲम्प्लिफायर जोडला. माझाही जीव टांगणीला लागला, खरं सांगते.

पुन्हा भजन लागलं. उघड्या दाराशी उकिडवा बसून संपतने सीटवर हात टेकला, डोकं खाली घातलं. मग आण्णांचे दोन्ही हात उठले आणि समोर वाकलेल्या संपतच्या पाठीवर पडले. धा, धा, मग बोटं मोकळी सुटली. काय तो ठेका! कुठे चुकला म्हणाल तर शपथ.

मला रडूच आलं. "अरे, सरळ हो, पाठ मोडेल," मी म्हटलं.

"असू द्या, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला. "त्यांचा अभंग पुरा होऊ द्या."