अर्जातला अवयवाचा रकाना

सूनबाईंच्या दोन्ही अंडाशयांत गाठी असल्याचे सोनोग्राफीत दिसले. त्या साध्या की घातक, हे मात्र सोनोग्राफीला सांगता येईना. "एमआरआय करून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साध्या असल्या तर तेवढ्या गाठीच काढू, अंडाशय वाचवू. मूल हवंय ना तुम्हाला?" सूनबाईंना फार हवे होते.

रुग्णालयाच्या नियमानुसार डॉक्टरांची चिठ्ठी फायलीत राहते आणि यंत्र अर्जावर चालते. अर्ज कुटुंबप्रमुखाने भरायचा. सासरे चौतीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवून निवृत्त झाले होते, त्यामुळे घर निर्धास्त होते. 'तपासायचा अवयव' या रकान्यापाशी त्यांचे पेन थबकले. चारचौघांच्या नजरेस पडणारा कागद! त्यांनी लिहिले, 'पोट'.

"वरचं की खालचं?" खिडकीतल्या कारकूनबाईंनी विचारले.

"सभ्य माणसांचं असतं ते," सासरे म्हणाले.

कारकूनबाईंनी 'वरचे'वर खूण केली.

अहवाल झकास आला. यकृत उत्तम, प्लीहा निर्दोष, दोन्ही मूत्रपिंडे जागच्या जागी. नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितले.

"यकृत कुणी मागितलं होतं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "मला अंडाशय बघायचंय!"

सासरे भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले. नवऱ्याला चपलेचा पट्टा नीट करायची आठवण झाली.

दुरुस्ती शक्य होती. मूळ अर्जदाराने योग्य शब्द स्वहस्ते लिहायचा, बस्स. सासऱ्यांनी लिहिले, 'पोट, परंतु तितकेसे नाही'. दोन आठवड्यांनी अर्ज परत आला. मग त्यांनी लिहिले, 'स्त्रियांसंबंधीची बाब'. तोही परत आला. शेरा होता: 'बाबीचा एमआरआय होत नाही.'

"बाबा, द्या इकडे ते पेन. शरीर माझं आहे," सूनबाई म्हणाल्या आणि ठसठशीत अक्षरांत त्यांनी 'अंडाशय' लिहिले.

कारकूनबाईंनी हा अर्ज सासऱ्यांच्या अर्जाशेजारी ठेवून पाहिला. "अक्षर छान आहे हो. पण अर्जदाराचं नाही. तुम्ही काय, नुसत्या रुग्ण."

त्या अर्जातल्या अक्षराची छाननी चालू असतानाच सूनबाईंच्या पोटात असह्य कळ आली. गाठ पिळली गेली होती. आत नेमके काय आहे हे ठाऊक नसल्याने धोका नको म्हणून दोन्ही अंडाशये काढावी लागली. काढल्यावर तपासणी झाली. गाठी अगदी साध्या निघाल्या. सासऱ्यांनी सर्वांना कळवले, "पोटाचं किरकोळ ऑपरेशन होतं, पार पडलं."

सूनबाई घरी आल्या तेव्हा आपण सगळे भेटायला गेलो. कशाचे ऑपरेशन, हे आपल्यापैकी एकानेही विचारले नाही. असले प्रश्न विचारायला आपण काय असंस्कृत आहोत? सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. निघताना आपण त्यांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि विचारले, "मग, आता गोड बातमी कधी?"