कापशाच्या घरात चिंचोकी

काकासाहेबमामांनी हसनाबादहून आणलेलं डालगं ओसरीत टेकवलं, त्यातून एक तपकिरी ससुली बाहेर काढली आणि कोणाला काही कळायच्या आत कापशाच्या, म्हणजे घरच्या पांढऱ्या सशाच्या, खोक्यात सोडून दिली.

"घ्या सूनबाई. तुमचा गडी एकटाच हाय म्हनला गिरिधर. आता झाली जोडी."

जोडी झाली नाही. खोक्यातून धपधप आवाज आले, पांढरी लव उडाली, मग तपकिरी उडाली. अरुंधतीने हात घालून दोघांना वेगळं केलं तेव्हा कापशाच्या कानाला ओरखडा होता आणि तिच्या मनगटाला दोन.

"न्हाई जमलं तर पुढच्या ऐतवारी घेऊन जातो परत," मामा चहा बशीत ओतत म्हणाले. "आमचे गडी तर मागंच लागून राह्यलेत, चुलीवर चढवू म्हणून!"

मामा हसले. त्यांची बहीण, म्हणजे अरुंधतीच्या सासूबाई सगुणाबाईही हसल्या. पाच वर्षांची शिवकन्या मात्र हसली नाही. तिने आईकडे नुसतं बघितलं.

अरुंधती प्राणिशास्त्राची पदवीधर. कॉलेजात तिने बेडूक, झुरळ आणि गांडूळ उघडून आत पाहिले होते. पण त्यांतल्या कोणाचं दुसऱ्याशी जमवून द्यायची वेळ आली नव्हती. नवऱ्याला, गिरिधरला, तिने जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तो संध्याकाळी बदनापूरच्या बाजारातून भाजी घेऊन परत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, म्हैस असती तर सांगितलं असतं."

मग तिने स्वतःच कंबर कसली. दोन खोकी समोरासमोर ठेवली, मधे स्टूल टाकलं आणि त्यावर वही घेऊन बसली. सोमवार, नऊ दहा : कापशाने मागचा पाय आपटला. नऊ बारा : चिंचोकीने पाठ फिरवली. चिंचोकी हे नाव शिवकन्येने ठेवलं होतं, आणि नाव ठेवल्यामुळे प्रकरण आणखी अवघड झालं होतं. नाव असलेल्या ससुलीला चुलीवर कसं पाठवणार?

ससे एकमेकांना वासावरून ओळखतात, एवढं तिला पुस्तकातून आठवत होतं. मंगळवारी तिने दोघांच्या खालचे गोणपाटाचे तुकडे अदलाबदल केले. कापशाने चिंचोकीचा तुकडा हुंगला आणि त्यावर सविस्तर मुतला.

"असं न्हाई होत ते," बुधवारी सगुणाबाई पदर खोचून पुढे आल्या. "आमच्यात नवी म्हैस दावणीला आणली, की जुनीच्या अन् नवीच्या पाठीवर एकच हळद-तेल चोळायचं. वास एक झाला की शिंगं उगारत न्हाईत."

"आत्याबाई, पण हे ससे आहेत."

"मंग शिंगं बी न्हाईत. उलट सोपंच हाय."

तर्क बिनतोड होता. सगुणाबाईंनी म्हशीच्या मापाने हळद घेतली. अरुंधतीने कापशाला धरलं, शिवकन्येने चिंचोकीला. चोळणं अर्ध्यावर आलं आणि तेलामुळे दोन्ही ससे एकदमच हातातून निसटले. कापशा माजघरातून, चिंचोकी त्याच्यामागे, मग दोघे गाद्यांच्या गठ्ठ्यावरून, आणि शेवटी दोरीवरून पडलेल्या गिरिधरच्या पांढऱ्या सदऱ्यावरून. शेजारच्या चांगुणाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. भिंतीवर पिवळं, चादरींवर पिवळं, तिघींच्या हाता-तोंडावर पिवळं.

"अगं बाई! हळद कोनाची? आम्हाला बोलावनं न्हाई केलं?"

गुरुवारी गिरिधर फिकट पिवळ्या सदऱ्यात ऑफिसला गेला. शुक्रवारी शिवकन्येने शाळेत जायला नकार दिला, कारण आपण शाळेत असताना मामाआजोबा आले तर? शनिवारपर्यंत अरुंधतीने स्टूल सोडलं नव्हतं. जेवण स्टुलावर, तांदूळ निवडणं स्टुलावर. खोकी उघडली की दोघे हळूहळू पुढे यायचे, हुंगायचे, आणि अरुंधती स्टुलावरून झेपावायची. "ए, ए, ए!" ती ओरडायची. दोघे दचकायचे आणि लव उडायची.

रविवारी सकाळी मामा आले. हातात तेच डालगं.

"मामा, थोडं थांबा ना. एक दिवस आणखी," अरुंधती म्हणाली.

"तू आधी दही घेऊन ये," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरीलाही ने. अन् जल्दी यायचं काम न्हाई."

दही घेताना तिचं लक्ष नव्हतं. येताना ती जवळजवळ पळतच आली. शिवकन्या मागे, "आई, चिंचोकी असेल ना गं?" घर शांत होतं. ओसरीत डालगं उपडं ठेवलेलं.

मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बाजेखाली दाखवलं. तिथे दोन पिवळे ससे अंगाला अंग लावून पडले होते. कापशा चिंचोकीचं कपाळ चाटत होता. एका आठवड्यात शिवकन्या पहिल्यांदा खुदकन हसली.

"तू गेली, अन् दहा मिनिटांत," मामा कुजबुजले. "डालगं बी नगं आता."

"मी सहा दिवस इथेच बसले होते, तेव्हा का नाही?"

"म्हणून तर न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "सारखं कोनी डोळे वटारून मधी बसलं तर कोनाचं जमंल? तुझं लगीन झालं तवा मी आठ दिवस परतूरला बहिणीकडं जाऊन बसल्ते ते काय हौस म्हणून?"

त्या आठ दिवसांबद्दल अरुंधतीला सात वर्षं वाटत आलं होतं, की सून पसंत पडली नाही म्हणून सासूबाई रुसून गेल्या.

ती दह्याचं पातेलं घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. दोन मिनिटं गेली. तिसऱ्या मिनिटाला तिने खिडकीपाशी तोंड नेलं.

"आत्याबाई, आता काय करताहेत?"

आतून सगुणाबाईंनी खिडकी लावून घेतली.