मला ताप का येत नाही?

नातवंडाला पहिल्यांदा हातात घेणारा आजोबा मीच असणार, हे मी तीन महिने आधीच ठरवून टाकलं होतं. व्याह्यांना फोन करून तसं कळवलंही होतं. मागाहून तक्रार नको! वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून मी तीस वर्षं काढली. माझं सगळं काम तपासून आणि वेळेवर.

आमचे व्याही शिंपी. एकटेच राहतात, दोन गल्ल्या सोडून. "बघू की," ते म्हणाले, "कुणाचे हात आधी पुढे येतात ते!"

कन्येने दोघांनाही एका वाक्यात गप्प केलं.

"डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय कुणीही बाळाला हात लावायचा नाही! त्याची स्वतःची लस दीड महिन्यानंतर सुरू होणार. तोवर आपणच जपायचं. आणि बाबा, लस घेऊन पंधरा दिवस झालेले हवेत."

"अगं, पण मी आजोबा—"

"पणजोबा असलात तरी!"

प्रसूतीला तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी, बायको आणि व्याही दवाखान्यात हजर. कुपीवरची मुदतीची तारीख मी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"काका, मागे रांग आहे," सिस्टर म्हणाल्या आणि तिसऱ्या वाचनाआधीच सुई टोचून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन. आवाज लग्नाच्या वरातीतला!

"ताप आला हो, ताप! शंभर पॉइंट चार! दंड असा सुजलाय म्हणता! टेप लावून बघितला, पाऊण इंच वाढलाय! तुमचं काय?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"आणि दंड?"

"आहे तेवढाच."

पलीकडचा आवाज वरातीतून थेट शोकसभेत गेला. मग ते हळूच म्हणाले, "अरेरे! म्हणजे तुम्हाला लस लागलीच नाही की हो!"

झालं! माझी झोप उडाली. लस लागली नाही म्हणजे बाळ हातात नाही. व्याही त्याला मिरवत फिरणार आणि मी बघत बसणार! पण घाबरण्याआधी मोजमाप केलं पाहिजे. थर्मामीटर खोटा असू शकतो. मी आणखी दोन आणले आणि तिन्ही एकदम तोंडात धरले.

"अहो, तोंडात काय केरसुणी उगवलीय?" बायकोने विचारलं.

मी तिन्ही काढून वाचले. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन, पॉइंट चार आणि पॉइंट सहा. तिघांत एकमत नाही, पण ताप नाही यावर तिघे ठाम!

मी दवाखाना गाठला.

"ताप येत नाही ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतेय," सिस्टर म्हणाल्या. "काका, लस घेतली की शरीर आतल्या आत रोगाशी लढायची तयारी करतं. कुणाला त्यात ताप येतो, कुणाला नाही. तयारी दोघांचीही होते."

"हे लेखी द्याल?"

"नाही!"

लेखी मिळालं नाही, म्हणून मी दोन दिवसांनी परत गेलो. मग पुन्हा. आठव्या दिवशी त्यांनी मला बघून दार लावून घेतलं. पण मी चिकाटी सोडणारा नव्हे. रोज सकाळी बाकावर जाऊन बसू लागलो. एका बाजूला खोकणारे मास्तर, दुसऱ्या बाजूला शिंकणारा पोस्टमन. दोघेही फार भली माणसं. आम्ही डोक्याला डोकं लावून गप्पा मारायचो.

आणि सतराव्या दिवशी चमत्कार झाला! अंग कडकडीत तापलं. शंभर पॉइंट आठ! तिन्ही थर्मामीटर शंभराच्या वर!

"लागली!" मी ओरडलो. "लस लागली!"

"अहो, नाक गळतंय तुमचं," बायको म्हणाली.

"आनंदाश्रू आहेत!"

"नाकातून?"

अशा अडाणी प्रश्नांना मी उत्तर देत नाही. व्याह्यांना तातडीने बोलावून घेतलं. ते आले, पण चेहऱ्यावर संशय.

"सतरा दिवसांनी?"

"माझं शरीर तपासून काम करतं! तुमच्यासारखी घाई नाही. विश्वास नाही ना? हे बघा, हात लावा!"

त्यांनी कपाळाला हात लावला, गालाला लावला. शेवटी मीच त्यांना घट्ट मिठी मारली, म्हणजे चोहोबाजूंनी खात्री व्हावी.

"मानलं बुवा! माझ्यापेक्षा जास्तच आहे," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी कन्येला मुलगी झाली. प्रसूतिगृहात फक्त जावयाला प्रवेश होता. त्यामुळे खरा सामना आमच्या दारात, तीन दिवसांनी.

गाडी थांबली. मी हात धुऊन, बाह्या सावरून पायरीवर उभा. शेजारी व्याही, कोपराने मला ढकलत. कन्या बाळाला घेऊन उतरली. मी हात पुढे केले आणि शिंकलो. लगेच व्याही शिंकले. माझ्यापेक्षा मोठ्याने!

कन्या जागच्या जागी थांबली.

"बाबा, मागे व्हा."

"अगं, हा लसीचाच—"

"लसीने शिंका येत नाहीत! कुठून आणलीत ही सर्दी?"

मी दवाखान्याच्या बाकाबद्दल सांगितलं. आवाज आपोआप बारीक झाला.

"आणि तुम्हाला हो, मामंजी?"

व्याह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी मिठी मारली!"

निकाल जागेवर लागला. सर्दी जाईपर्यंत माझा मुक्काम व्याह्यांकडे. आम्ही दोघे फाटकाबाहेर गेलो, तेव्हा कुठे बाळ बायकोच्या हातात गेलं. माझे आनंदाश्रू पाहिले त्या दिवसापासून ती तोंडाला मास्क लावून दुसऱ्या खोलीत झोपत होती.

"तुला ताप आला होता का गं?" मी फाटकातून ओरडून विचारलं.

"कुठे आला!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

आता काहीतरी बोलून इभ्रत वाचवणं भाग होतं. दुपट्यातल्या गाठोड्यावर मी नजर रोखली आणि जाहीर केलं, "वजन तीन किलो दोनशे ग्रॅम!"

"दोन किलो नऊशे, बाबा," कन्या म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तीनशे ग्रॅमची चूक! एवढ्यासाठी मी दुकानदारांना नोटिसा दिल्या आहेत. पण खरं सांगतो, हातात न घेता मोजलं की लांबून बाळ फार मोठं वाटतं हो.